कॅमेरा लग्नाला गेला होता

चाचा, तुम्ही असता तर हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की छावणीतल्या तुमच्या फोटो स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. तुमच्या हाताखाली फोटो धुवायला शिकलेली ती काटकुळी पोरगी आता औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, एक संस्था चालवते. ज्यांच्या हातात कुणी कॅमेरा देत नाही त्यांना आम्ही तो देतो आणि आपापल्या घरादाराच्या फिल्म करायला शिकवतो. भटक्यांच्या वस्तीवरची पोरं येतात, मोहल्ल्यातल्या मुली येतात, माझ्या वस्तीतल्याही येतात. ऐकायला छान वाटतं ना? सभेत मी छानच सांगते. चालवायची वेळ आली की कळतं, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

मुंबईच्या ज्या ट्रस्टच्या जिवावर आमचं चाललं होतं, त्यांनी एका वर्षी फार गोड भाषेत हात वर केले. घरमालक जिन्यात भेटला की नुसता हसायचा, आणि मी थकलेल्या भाड्याचा हिशेब करत पायऱ्या चढायचे. तेव्हा मीच अक्कल लढवली. संस्थेकडं धड कॅमेरा एकच होता, तो लग्नाच्या शूटिंगला भाड्यानं द्यायचा. उन्हाळाभर कॅमेरा लग्नांचा, आषाढात मुहूर्त नसतात तेव्हापासून पोरांचा. हा नियम मी फळ्यावर लिहिला आणि स्वतःवरच खूश झाले.

त्याच उन्हाळ्यात खुलताबादकडची एक मुलगी आली. तिचे अब्बा हातानं कागद करायचे. हौदात चिंध्यांचा लगदा कालवायचा, साचा बुडवून उचलायचा, ओला कागद भिंतीवर वाळत लावायचा, असं त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. गावातले बाकीचे हौद बंद पडत गेले आणि हे एकटे उरले. त्यांचे हात काम करताना तिला टिपायचे होते. ऐन मे महिन्यात ती दारात उभी राहिली. "ताई, चार दिवस द्या फक्त. अब्बांना लई दम लागतोय. आषाढापर्यंत ते हौदाजवळ उभे राहतील असं वाटत नाय मला." मी फळ्याकडं बोट दाखवलं. म्हटलं, "आषाढात महिनाभर ने. आत्ता लग्नं हायत, या आठवड्यातही एक हाय." ती "व्हय ताई" म्हणाली आणि जिना उतरली. वाद घालणारी मुलगी नव्हती ती. आठवडा संपायच्या आत तिचे अब्बा गेले.

तुमच्याकडचा एक दिवस मला तेव्हा आठवायला हवा होता. दुकानात लग्नवाल्यांची झुंबड आहे. एक बाई येते, मालक अंथरुणाला खिळलाय, त्याचा घरात एकही फोटो नाही म्हणते. मी तिला परवा यायला सांगते. तुम्ही आत खिचडी-खट्टा खाताय, पण कान बाहेरच आहेत. बाई पायरी उतरल्यावर माझ्याकडं न बघता म्हणता, "लग्नवाले थांबत्यात, बेटा. चिडतील, पन थांबतील. उस बाई का आदमी रुकेगा क्या?" आणि हात धुऊन, कॅमेरा खांद्याला अडकवून तुम्ही तिच्या मागं निघून जाता. चिडलेले लग्नवाले माझ्या वाट्याला. असं गिऱ्हाईक तोडून धंदा होतो का, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. खरं सांगू, अजूनही अधूनमधून वाटतं. तुमचा स्टुडिओ बुडाला, चाचा. माझी संस्था तरली.

ती कशी तरली ते ऐका. आषाढात त्या मुलीनं कॅमेरा नेला. तिच्या फिल्ममध्ये रिकामा हौद आहे, भिंतीवर कागद चिकटवल्याचे चौकोनी डाग आहेत, आणि अब्बा काय काय करायचे ते सांगणारा तिचा आवाज आहे. माणूस कुठंच नाही. लोकांनी फिल्म डोक्यावर घेतली. माणूस न दाखवण्यात केवढं धाडस आहे, असं दिल्लीहून आलेले एक पाहुणे म्हणाले, आणि मी ते जसंच्या तसं मदतीच्या अर्जात घातलं. त्या अर्जावर आम्हाला तीन वर्षांची मदत मिळाली. पुण्यात फिल्म दाखवली तेव्हा एकानं तिला विचारलं, वडिलांना का नाही दाखवलं? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, ही तिची शैली आहे. टाळ्या पडल्या.

परतीच्या बसमध्ये, नगर मागं पडल्यावर, तिनं विचारलं, "ताई, त्या आठवड्यात कॅमेरा खरंच लग्नाला गेला होता ना?" मी "व्हय" म्हणाले. "मग ठीक हाय," ती म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

कॅमेरा लग्नाला गेला नव्हता, चाचा. नवरीकडं सुतक आलं आणि लग्न पुढं ढकललं गेलं. कॅमेरा चार दिवस माझ्या कपाटात पडून होता. तिचा नंबर समोरच्या वहीत होता. ऐनवेळी एखादं दुसरं लग्न मिळेल म्हणून मी वाट बघत बसले, आणि तेही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, अब्बा गेले म्हणून. रडत रडत म्हणाली, "काल सांजेपर्यंत हौदावर उभे होते हो, ताई."

हे पत्र खरं तर तिला जायला हवं, आणि तिचा पत्ता मला पाठ आहे. संस्थेसाठी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत आले. ती रागावून फिल्म घेऊन गेली तर मदत जाईल, बाकीच्या पोरांचं काय होईल. पण मदतीची मुदत संपून वर्ष झालं, आमचं आता बरं चाललंय, आणि मी अजून गप्पच आहे. ती आता आमच्याकडंच शिकवते, सकाळी माझ्या आधी येऊन कुलूप काढते. ती मला ताई म्हणते, चाचा. ते मला सोडवत नाही.