मागच्या कप्प्यातला काकांचा डबा

मंगळवार, ६ मे

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भाऊजी आणि मुलं सगळे मजेत असाल. तुझ्या रात्रपाळ्या संपल्या का? झोप घेत जा, नाहीतर पेशंटच्या शेजारी तुलाच खाट टाकावी लागेल.

आमच्याकडे सगळं ठीक. ऊन मात्र विचारू नकोस. दुपारी दुकानाच्या पत्र्याखाली बसलं की घाम पुसू की गिऱ्हाईकाला सुटे देऊ, काही सुचत नाही.

नवा फ्रिज चांगला आहे. त्या जुन्या धुडाला काढ म्हणून तू किती वर्षं मागे लागली होतीस, शेवटी काढलं. संस्थेने आम्हा पाचजणींना एकमेकींच्या जामिनावर कर्ज दिलं. ज्यांना बँकेचा शिपाईसुद्धा दारातून हाकलायचा, त्यांच्याकडे संस्थेचे साहेब आपल्या पायांनी आले. त्यांची रीत जरा वेगळी आहे. पहिलीने कमी वीज खाणारं यंत्र घ्यायचं. बिलात जेवढं वाचेल त्यातून हप्ता जायचा. बचत नीट दिसली की मग दुसरीचा नंबर. भिंतीवर वीज मोजणारी एक पांढरी डबी लावून गेलेत, तिच्यातला आकडा थेट त्यांच्या ऑफिसात पोचतो. पहिला नंबर माझा, दुसरा गिरणीवालीचा. तिची जुनी मोटर अशी झटके देते की बिचारी लाकडी पट्टीने बटण दाबते. त्यामुळे हल्ली दुकानात येणारी प्रत्येक मैत्रीण आधी डबीकडे बघते आणि मग माझ्याकडे.

उन्हाळा लागला आणि आकडा चढायला लागला. गिरणीवाली म्हणाली, "अगं, दुपारचा बंद ठेव की. विकणारा म्हणाला नव्हता का, दार उघडलं नाही तर गारवा टिकतो?" मी बंद ठेवायला लागले. आधी दुपारी, मग रात्रीही. चालू केला की गारव्याचा खटका शेवटपर्यंत फिरवायचा, म्हणजे भरभर गार होतो. आकडा उतरला. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली आणि त्या दिवशी गिरणीवालीने माझं दळण फुकट दळलं.

आपले सायकलवाले काका आठवतात ना? तुझ्या चाकात हवा भरता भरता तुझ्या कानात उपदेश भरायचे ते. त्यांना साखरेचा आजार आहे. घरी फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिन माझ्याकडे ठेवतात. गल्लीतल्या आणखी दोन घरांचीही औषधं माझ्याकडेच असतात. काका सकाळ-संध्याकाळ येतात, माझ्याच स्टुलावर बसून टोचून घेतात, आणि महागाईला शिव्या देऊन जातात.

हल्ली त्यांची साखर उतरतच नाही. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. सुनेला वाटतं, म्हातारा चोरून गोड खातो. तिने साखरेचा डबा कपाटात कुलूपबंद केलाय. काका सगळ्यांना शपथेवर सांगतात की मी खात नाही. काल मला हळूच म्हणाले, "पोरी, झोपेत उठून खात असेन का गं मी? म्हातारपणी माणसाचा भरवसा नाही." मी हसले. का हसले कोण जाणे.

बरं, एक सहज विचारायचं होतं. तू हॉस्पिटलात असतेस म्हणून. औषध जरा जास्तच गार झालं तर बिघडतं का? म्हणजे गारच ठेवायचं असतं ना ते? सहज आपलं. सवडीने कळव.

तुझी धाकटी


शुक्रवार, ९ मे

ताई,

वरचं पत्र मी टाकलंच नाही. पाकीट चिकटवून गल्ल्याखाली सरकवून दिलं होतं. आता फाडून त्यातच हे घालते आहे. त्यात दोनदा 'सहज' लिहिलंय, ते खोटं आहे.

मी फार घाबरले आहे. अक्षराला हसू नकोस. फोन का केला नाहीस म्हणशील. केला होता. तू "बोल गं" म्हणालीस, आणि मी मुलांची परीक्षा कशी झाली ते विचारून ठेवून दिला.

जे लिहिलं नाही ते असं. मागच्या महिन्यात एका सकाळी काकांच्या बाटलीत मला बर्फ दिसला. त्यांचा डबा मीच मागच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. तिथे सगळ्यात गार असतं म्हणून काकांना मानाची जागा. बाटली मुठीत धरली, बर्फ विरघळला, पुन्हा पहिल्यासारखी दिसायला लागली. काका आले तेव्हा त्यांच्या हातात दिली. जितकं गार तितकं टिकाऊ, अशी मनाची समजूत घातली. त्यानंतरही बर्फ दिसायचा. मग मी बाटलीकडे बघायचंच सोडून दिलं.

बुधवारी राहवेना, म्हणून गिरणीवालीला सांगितलं. तिने दळण थांबवलं. म्हणाली, "हे बाहेर गेलं तर साहेब म्हणणार, बायकांनी बचत खोटी दाखवली. पाचहीजणी बुडू. आणि माझी मोटर? एक दिवस मी त्या बटणाला चिकटून मरेन, मग ये भेटायला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हाताऱ्याला पथ्य पाळता येत नाही, त्यात तुझा काय दोष?" ताई, ते ऐकून मला बरं वाटलं. तुला सांगायची लाज वाटते, पण त्या रात्री मी झोपले.

गुरुवारी सकाळी काका आलेच नाहीत. दुकान तसंच उघडं टाकून त्यांच्या घरी गेले. सून दारातच म्हणाली, "आजपासून औषध घरीच. नवी बाटली आणलीय, ओल्या फडक्यात ठेवलीय. माझ्यासमोर टोचतील, माझ्यासमोर जेवतील. बघू आता साखर कशी वाढते ते."

आत काका खाटेवर बसले होते. सदरा घामाने अंगाला चिकटला होता, हात लटपटत होते. माझ्याकडे बघून त्यांनी तुझ्या नावाने हाक मारली. तेव्हा मला उमगलं. डोस वाढवला तो माझ्याकडे गोठून मेलेल्या औषधावर, आणि त्या सकाळी टोचलं ते जिवंत औषध. साखर एकदम खाली गेली की माणूस असाच घामाघूम होतो, आधी तोंडात साखर घालायची असते, हे तूच कधीतरी सांगितलं होतंस. मी सुनेला म्हटलं, साखर दे. ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे तुम्ही खाऊ घालत होता होय?" वाद घालायला वेळ नव्हता. तिच्या कमरेची किल्ली मी ओढून घेतली.

मूठभर साखर काकांच्या ओठांशी नेली तर त्यांनी दात घट्ट आवळले. डोळे फिरत होते, शब्द जड झाले होते, पण मान हलवत राहिले. "मी गोड खात नाही. बघ सूनबाई, नाही खात मी." साखर हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होती. माझं बोट त्यांच्या दातांवर आपटत होतं आणि ते तोंड उघडत नव्हते. एवढी भीती मला जन्मात वाटली नाही, आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

मग मी बोलले. सुनेसमोर, दारात जमलेल्या शेजाऱ्यांसमोर. "काका, तुम्ही कधीच चोरून खाल्लं नाहीत. तुमचं औषध मी मारलं. बचत दिसावी म्हणून मी फ्रिज बंद-चालू करत होते, बाटली गोठत होती. मला माहीत होतं."

त्यांना किती कळलं देव जाणे. पण त्यांनी तोंड उघडलं.

दवाखान्यात वेळेवर पोचलो. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी वाढवलेल्या डोसचा आकडा खोडला. तिथून दुकानातले डबे घेऊन उरलेल्या दोन्ही घरी गेले, हे औषध वापरू नका म्हणून सांगितलं. एकीने आपला डबा घेतला आणि माझ्या तोंडावर दार लावलं. फ्रिज आता दिवसरात्र चालू आहे, आणि डबीतला आकडा वर चाललाय. उद्या साहेब येणार आहेत. गिरणीवालीने मला बघून मान फिरवली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही, कारण आजही ती त्याच मोटरीवर दळते आहे. साहेबांना सांगितलं तर तिची नवी मोटर जाईल, नाही सांगितलं तर पुढच्या गल्लीतली कुणीतरी माझ्यासारखाच फ्रिज बंद ठेवेल. सांगणार आहे. पण पोलीस आले तर काय, हे मनातून जात नाही.

काल संध्याकाळी काका पूर्ण शुद्धीवर आले. सून उशाशी होती, मी दाराशी. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. आता शिव्या देतील म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले.

"ते पुन्हा एकदा सांग," ते म्हणाले.

"काय, काका?"

"मी खात नव्हतो, ते. जरा मोठ्याने सांग. हिला ऐकू दे."

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि ते शांत झोपले. मला एक शिवीही दिली नाही, ताई. दिली असती तर बरं झालं असतं.

रजा मिळाली तर ये. आणि येशील तेव्हा पहिल्यांदा मला रागाव, मग जवळ घे.

उद्या साहेबांसमोर उभी राहणारी,
तुझी धाकटी