मत निमोण्यातच राहिलं

आबा, तुम्ही शिरूरला कधी शिरूर म्हणाला नाहीत, तुमच्या तोंडी ते शेवटपर्यंत घोडनदीच राहिलं. त्या तुमच्या घोडनदीत यंदा नगराध्यक्षाची निवडणूक झाली आणि तुमचा हा मुलगा, आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलेला मास्तर, निवृत्तीनंतर गळ्यात उपरणं अडकवून दारोदार मतं मागत फिरला. तुम्ही असता तर "आता ह्येच राह्यलं हुतं" म्हणाला असता आणि तंबाखू मळत बसला असता. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी काही लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं जे असायचं ते मी तुमच्या फोटोसमोर उभा राहून मनातल्या मनात सांगून टाकायचो. हे मात्र तसं सांगता येईना. फोटोकडं बघून सुरुवात केली की नजर खाली जाते, म्हणून कागद घेतला.

ज्या पोरीसाठी फिरलो ती माझी विद्यार्थिनी. तिचे वडील नांदेडकडून सणसवाडीच्या कारखान्यात कामाला आले, तिथं एका खोलीत पाच जणांत दिवस काढले आणि लग्न झाल्यावर शिरूरला भाड्यानं घर केलं. आईनं कामगारांचे डबे करायला घेतले. पोरगी इथंच जन्मली, इथंच शिकली, तरी गावात तिची ओळख अजून 'डबेवालीची पोरगी' एवढीच. नववीत असताना नागरिकशास्त्राच्या तासाला तिनं विचारलं होतं, "सर, नगरपालिकेत आपण नुसतं जाऊ शकतो का? काय चाललंय ते बघायला?" मी म्हणालो होतो, "जाऊ शकतो की," आणि पुढच्या धड्याला लागलो होतो. ती खरंच जायला लागली, हे मला फार वर्षांनी कळलं. त्यांच्या वस्तीत पाणी कधी सुटेल याचा नेम नसायचा, बायका हातातली कामं टाकून नळापाशी बसून राहायच्या. या पोरीनं सहा महिने रोजची वेळ वहीत टिपली, ती वही घेऊन हेलपाटे घातले आणि शेवटी वस्तीच्या तोंडाशी पाण्याच्या वेळेचा फलक लावून घेतला. फलकावरची वेळ पाळली जाते का, हे बघायला तिची वही पुन्हा होतीच. बाकी राजकारणातलं तिच्याकडं काही म्हणजे काही नव्हतं.

यंदा नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव निघालं. जुन्या मंडळींनी घरातली सून उभी केली, म्हणजे फोटो सुनेचा आणि भाषणं सासऱ्यांची. आरक्षण निघालं त्याच संध्याकाळी ही पोरगी आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तुमची सून भाकरी थापत होती. पोरगी म्हणाली, "सर, मी उभी राहतीय. अपक्ष. हसू नका." मी विचारलं, "माणसं किती आहेत तुझ्याकडं?" ती म्हणाली, "आई, बाबा, मी. आता तुम्ही." तुमची सून दौंडची, तिची जीभ तुम्हाला ठाऊकच आहे. भाकरी उलटता उलटता म्हणाली, "चार झाले व्हय? मग खांदे तरी पुरले." पोरगी खळखळून हसली आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तुमच्या घरची चार मतं मी पहिली धरलीत, सर. तिथनं सुरुवात केली." तुमच्या सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी पेल्यातलं पाणी प्यायलो. 'अगं, आमची मतं इथं नाहीत,' एवढं एक वाक्य होतं. ते मी तेव्हा बोललो नाही.

आपल्या गावच्या, निमोण्याच्या मतदार यादीतलं नाव मी शिरूरला कधी आणलंच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडं त्याचं कुणाला नवल नाही. निम्मं शिरूर तसंच आहे, घर इथं, नळ इथला, पोरांची शाळा इथली आणि मत गावाकडं. का, तर तिकडं भावकी आहे, सोसायटी आहे, पंचायतीला एकेका मताची ओढाताण असते. नोकरीच्या सुरुवातीला एका पंचायतीच्या मतदानाला मी आलो नव्हतो, पेपर तपासायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुम्ही आलात. खुर्ची दिली तरी नेहमीसारखे स्वयंपाकघरात पाटावर बसता. समोर चहा आहे, त्यावर साय धरते आहे, तुम्ही हात लावत नाही. बऱ्याच वेळानं म्हणता, "यादीवाला तुझं नाव तीनदा पुकारत हुता. तिसऱ्यांदा मीच म्हनलो, मेलाय म्हनून लिव्ह." आणि तसेच उठून गेलात. त्या दिवसापासून मी एकही मतदान चुकवलं नाही. पुढं लग्न झालं, पोरगा मोठा झाला, त्याची बायको आली, तशी एकेक नावं निमोण्याच्याच यादीत चढत गेली.

पोरीनं अर्ज भरला तेव्हा यादी बंद झालेली होती, आता नाव इकडं आणणं शक्य नव्हतं. बोलणं तेवढं शक्य होतं. रोज ठरवायचो की आज सांगू आणि रोज सकाळी ती हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन दारात यायची, "चला सर." तिला कपबशी चिन्ह मिळालं होतं. आम्ही गल्ल्या वाटून घेतल्या. मी शिकवलेली पोरं आता दुकानदार, कंडक्टर, वकील झालेली, मला बघून खुर्ची द्यायची आणि तिचं ऐकून घ्यायची. माझ्यामुळं तिला दारं उघडत होती, हे मला दिसत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

समोरच्यांनी तिच्याविरुद्ध एकच गोष्ट लावून धरली. बाहेरची. आज आलेली, उद्या जाईल, नांदेडची माणसं शिरूरचं काय भलं करणार. तिच्या वस्तीतल्या मारुतीच्या पारावर कोपरा सभा होती, तिथं मला राहवलं नाही. मी माईक घेतला आणि म्हणालो, माणूस कुठला हे त्याच्या आजोबांच्या गावावरून ठरत नाही, जिथं तो मत देतो तिथला तो. या पोरीच्या आईबापानं इथं घर केल्यावर पहिलं काम काय केलं, तर आपलं मत इथं आणलं. या गावावर त्यांनी भरवसा टाकला. टाळ्या पडल्या, आबा. तिची आई पदरानं डोळे पुसत होती. मी खाली बसलो आणि मला दरदरून घाम सुटला, डिसेंबरच्या थंडीत.

मतदानाला तीन दिवस उरले असताना सगळ्यांच्या फोनवर एक फोटो फिरला. निमोण्याच्या मतदार यादीचं पान, माझ्या नावावर पिवळी रेघ, आणि खाली लिहिलेलं, 'गुरुजी, आधी स्वतःचं मत आणा, मग आम्हाला शिकवा.' त्याच्या खाली माझ्या त्या भाषणाचा व्हिडिओ. कुणी केलं हे शोधण्यात अर्थ नव्हता, कारण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. केस कापायला नेहमीच्या न्हाव्याकडं गेलो तर तो आरशातून बघत म्हणाला, "सर, तुमी तर पाव्हणं निघालात की." दुकानात बसलेले सगळे हसले. त्या दिवसापासून पोरगी दारात गेली की पाण्याचं कुणी विचारेना, माझंच विचारायला लागले.

संध्याकाळी ती आली. मी म्हणालो, उद्यापासून मी येत नाही, तुला माझ्यामुळं खाली बघावं लागतंय. ती स्वयंपाकघरात तुमच्या त्या पाटावर बसली होती, चप्पल घासून पाय सोललेले, आवाज पार बसलेला. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "सर, का नाही आणलंत नाव इकडं? एवढ्या वर्षांत?"

मी म्हणालो, "आबांची इच्छा होती. मत गावाकडंच ठेवायचं, असा त्यांचा शब्द होता."

तिनं सोललेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाली, "असं होय. मग राहू द्या, सर. बापाच्या शब्दापुढं मी काय बोलू? माझे बाबा असते त्या जागी तर मीही तेच केलं असतं." आणि उठून माझ्या पाया पडली. तुमची सून तिला म्हणाली, "जेवून जा." ती जेवायला थांबली नाही, अजून दोन गल्ल्या राहिल्या होत्या.

त्या दोन गल्ल्यांत आणि पुढच्या दोन दिवसांत तिनं तेच सांगितलं. कुणी माझा विषय काढला की ती म्हणायची, सरांनी वडलांचा शब्द पाळलाय, शब्द पाळणारा माणूस माझ्याबरोबर आहे, याची मला लाज नाही. लोक विरघळले. एका म्हाताऱ्यानं मला रस्त्यात थांबवून पाठीवर हात ठेवला, "असा ल्योक पायजे." सबंध प्रचारात त्या पोरीनं एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. फलक लागला तर लागला म्हणाली, गटार झालं नाही तर झालं नाही म्हणाली. जे एक खोटं ती बोलली ते माझं होतं, आणि ते खोटं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर आमचं टेबल होतं. मी दिवसभर तिथं बसून येईल त्याचं नाव यादीत शोधून चिठ्ठी लिहून देत होतो. हजारभर नावं तरी चाळली असतील. तिच्या वस्तीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन रांगेनं आल्या, एकीलाही दोनदा सांगावं लागलं नाही. दुपारी तिचे वडील रजा टाकून आले, चिठ्ठी घेतली, मत देऊन परत आले आणि शाई लावलेलं बोट मला दाखवून लहान पोरासारखे हसले. माझं बोट मी टेबलाखाली घेतलं.

ती पडली. फार नाही, थोडक्यात. आपल्या घरच्या चार मतांनी निकाल फिरला नसता, हा हिशेब मी त्याच दिवशी केला आणि त्यानं मला काडीचंही बरं वाटलं नाही. गुलाल दुसऱ्या बाजूला उधळत होता. ती घरी आली ती आधी तुमच्या सुनेच्या गळ्यात पडून रडली, मग तोंड धुतलं, चहा घेतला आणि म्हणाली, पाच वर्षांनी पुन्हा. निघताना दारात थांबून मला म्हणाली, "एक आहे, सर. पुढच्या वेळीही तुमचं नाव इकडं आणा असं मी कधी म्हणणार नाही. आबांचा शब्द मोडायला मी लावणार नाही तुम्हाला." मी मान हलवली.

आता खरं काय ते तुम्हालाच माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात मोतीबिंदू काढल्यावर तुम्ही महिनाभर आमच्याकडं होतात. डोळ्याला हिरवी पट्टी, व्हरांड्यात खुर्ची. त्या वेळी आमच्या गल्लीला आठवडाभर गढूळ पाणी येत होतं आणि मी रोज सकाळी बादलीत तुरटी फिरवत पालिकेला शिव्या घालत होतो. तुमची सून बाजारात गेली होती. तुम्ही म्हणालात, "हितं ह्ये कोन बघतं रं?" मी म्हणालो, नगरसेवक. "त्याला मत कोन देतं?" इथली माणसं. "आन् तू कुठला?" मी बादलीत तुरटी फिरवत राहिलो. मग तुम्ही अंदाजानं माझ्याकडं तोंड वळवलंत आणि म्हणालात, "तुझं नाव आन हिकडं. माझ्यापायी तिकडं ठिवू नगंस. तवा मी रागानं बोललो, त्ये धरून बसू नगंस. ज्याचं पानी प्यायाचं त्याला इचारता आलं पायजे." मी "व्हय आबा" म्हणालो. पावसाळ्यात तुम्ही गेलात.

फॉर्म मी आणला होता. भरला नाही. तुमच्यासाठी नाही, आबा, माझ्यासाठी. शिरूरच्या यादीत मी कुठल्यातरी पानावरचा कुणीतरी झालो असतो. निमोण्यात मतदानाच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या गाड्या मला न्यायला येतात. दोन्हीकडची पोरं 'मास्तर, मास्तर' करत वाकतात, पारावर चहा होतो, मी कुणाला मत देणार याचा अंदाज बांधत चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसतात. पाच वर्षांतला तो एक दिवस मला सोडवला नाही. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही, आणि ते झाकायला मी तुम्हाला पुढं केलं.

हे पत्र तुम्हाला पोचवायची काही सोय नाही, ते मला कळतं. खरं तर ज्या घरी ते द्यायला हवं, ते आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं आहे, चालत पाच मिनिटं. ती आत्ता घरीच असेल. मी जाणार नाही, आबा. ती मला शब्दाचा पक्का माणूस समजते, आणि या वयात ते मला हवं आहे.