आम्ही मेडिकलला बसलो

५ मे १९६३, रविवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. ताईला तर नाहीच.

वेणूताई काल ठाण्याहून आली. मावशीकडे राहून इंटर सायन्स केलं, पेपर संपले. आता पुण्याला मिलिटरीचं मेडिकल कॉलेज आहे, तिथे एंट्रन्स देणार. चीनच्या लढाईनंतर मिलिटरीला डॉक्टर पाहिजेत, मुलीपण घेतात म्हणे.

दाजी (आमचे वडील, सगळं पनवेल त्यांना दाजीच म्हणतं) जेवताना एवढंच बोलले, "शीट मिलाली तं शिक. नाय मिलाली तं दिवालीला कोनला." कोनला म्हणजे कोन गावचं स्थळ. दोन लॉऱ्या, भाताची गिरण. मुलगा जाडा आहे पण वाईट नाही.

ताईने आमटी वाढून घेतली.

मी ठरवलं, ताईला मदत करायची. आणि करता करता आपणपण डॉक्टर व्हायचं.

६ मे
माझ्याबद्दल थोडं. नाव आनंदा. शिक्षण नववी, पूर्ण नाही. शाळा मी तत्त्वासाठी सोडली. कोणतं तत्त्व ते अजून ठरायचंय. मास्तरांनी कविता म्हणायला उभं केलं, मी उभा राहिलो, तास संपेपर्यंत उभाच राहिलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. आता दाजींच्या मिठाच्या दुकानात बसतो.

मी लाजरा नाही. फक्त लोकांसमोर बोलत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तर होकाराची मान हलवतो. आज एकाने विचारलं, मीठ कोरडं आहे ना? हलवली. त्याच्या शेजारच्याने विचारलं, मीठ ओलं दिसतंय? हलवली. दोघांनी घेतलं नाही. दाजी बघत होते.

टाइमटेबल केलं. पहाटे पाचला उठणे. बायॉलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मग दुकान.

७ मे
सातला उठलो. टाइमटेबल भिंतीला लावायला खळ करायची होती, त्यात सकाळ गेली.

१० मे
अभ्यास जोरात. पद्धत अशी: पुस्तक माझ्या हातात. मी प्रश्न वाचतो, ताई डोळे मिटून उत्तर देते. पुस्तक इंग्रजी. मला इंग्रजी वाचता येतं, अर्थ मागाहून येईल. ताईचं उत्तर बरोबर की चूक ते मी बरोब्बर ओळखतो. ताईचं बोलणं आणि पुस्तकातला परिच्छेद एकदम संपला की बरोबर. ती आधी संपली की मी "हं?" म्हणतो. मग ती आठवून आठवून पुढचं सांगते.

ताई म्हणाली, तुझा "हं" भारी आहे. कॉलेजातल्या सरांना असा जमत नाही.

प्रोफेसर व्हायचं की डॉक्टर, हाही विचार करायला हवा. दोन्ही होता येतं.

१६ मे
प्रॅक्टिकल. आईने जिताडा आणला होता, मोठा. हार्ट बघायला मिळेल म्हणून ब्लेड घेऊन बसलो. हार्ट सापडलं नाही. सापडलं असेल पण लेबल नव्हतं. आई न्हाणीतून आली तोवर माशाचं काय झालं होतं ते लिहीत नाही. रात्री सगळ्यांनी वालाची आमटी खाल्ली. ताई म्हणाली, मासा सिलॅबसमध्ये नाही, बेडूक आहे. आई म्हणाली, बेडूक आणलास तर तू पण घराबाहेर.

सायन्सच्या वाटेत असे अडथळे येतातच.

२६ मे
कोनहून सखूबाई आल्या. मुलाची आई. सहज आले म्हणाल्या, पण सोबत कासारीण होती. ताईच्या हाताचं माप घेतलं. ताई हात पुढे करून बसली आणि तोंडाने फुप्फुसाचे भाग पुटपुटत होती. सखूबाईंना वाटलं देवाचं म्हणते. खूश झाल्या. मला विचारलं, काय रे, तायचं लगीन झालं की रडशील ना? मान हलवली.

रात्री ताईने पुस्तक उशिरापर्यंत धरायला लावलं. मी मधे दोनदा झोपलो. तिने दोन्ही वेळा स्वतःलाच "हं?" केलं.

८ जून
ताई इंटर पास. मार्क चांगले. दाजींनी दुकानात पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की अजून काय खरं नाय, पुण्याची परीक्षा हाय. ती उद्या. पहाटेच्या एस्टीने मी आणि ताई. मुलीला एकटं कसं पाठवायचं म्हणून सोबत मी. माझ्यासोबत कोण, हे कोणी विचारलं नाही.

आम्ही दोघं पूर्ण तयार.

९ जून, रविवार, रात्री
खंडाळ्याच्या घाटात मला उलटी झाली. डॉक्टर असतो तर औषध दिलं असतं. ताईने आवळकाठी दिली.

कॉलेजच्या आवारात सोबतीला आलेले बाप, काका, मामा झाडाखाली बसले होते. मी ताईचा डबा आणि शाईची बाटली घेऊन दारापर्यंत गेलो. दारावर मोठ्या मिशांचा शिपाई. त्याने मला विचारलं, परीक्षेला? मी मान हलवली. त्याने मला खांद्याला धरून आत ढकललं.

आता बाहेर कसं यायचं? त्याला परत सांगावं लागलं असतं. म्हणून मागच्या बाकावर बसलो. पेपर आला. मी वाचला. सगळे प्रश्न ओळखीचे! एकसुद्धा नवा नाही. मला एवढा आनंद झाला की मी मोठ्याने "हं" म्हटलं.

सर आले. नंबर विचारला. मी बोटाने ताईकडे दाखवलं. सगळा हॉल वळला. ताईने मान वर न करता, लिहिता लिहिता, इंग्रजीत सांगितलं की तो माझा भाऊ आहे, त्याला कृपा करून बाहेर खुर्ची द्या.

खुर्ची मिळाली. झाडाखालच्या बापांना नाही मिळाली.

परत येताना ताई लोणावळ्यापर्यंत बोलली नाही. परीक्षेचा ताण. मी म्हटलं, पेपर सोपा होता. तरी बोलली नाही.

११ जून
बाजारात बातमी झाली आहे. शेजारचे कापडवाले म्हणाले, काय आनंदा, तूपण एंट्रन्सला बसलास म्हणे? मान हलवली. खोटं काय आहे त्यात? बसलो होतो.

२ जुलै
आम्ही लेखी पास! म्हणजे ताई. पंधरा तारखेला इंटरव्ह्यू. मुलींनी पालक आणायचे आहेत, कारण मुली मधेच शिक्षण सोडून लग्न करतात, तेव्हा पालकांना विचारून घेणार. दाजी म्हणाले, येतो. नवीन धोतर काढलं.

१२ जुलै
दाजी शेताच्या बांधावरून घसरले. पाय सुजला. मी तपासला. फीमर मोडलाय असं निदान केलं. ताई म्हणाली, फीमर मांडीत असतं, सूज घोट्याला आहे. हाडवैद्य म्हणाला, मुरगळलाय, आठ दिवस टेकायचा नाही.

आई जाऊ शकत नाही, ती घाबरते. म्हणून पालक मी.

दाजींनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, "बोलशील ना रं?" मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

१४ जुलै
भाषण तयार. इंग्रजीत. अर्धं निबंधाच्या पुस्तकातून, अर्धं ताईकडून. "रिस्पेक्टेड सर्स, आवर फॅमिली गिव्ह्ज वर्ड" वगैरे. गोदामात मिठाच्या गोण्यांपुढे म्हणून पाहिलं. एकदाही अडलो नाही. गोण्या भरायच्या कामाला असलेला शुक्रा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा अडलो. तो गेला, परत जमलं.

उद्या काळजीचं कारण नाही.

१५ जुलै, सोमवार
तीन ऑफिसर. मधल्याला भुवया फार. ताई आत गेली, थोड्या वेळाने मला बोलावलं. बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

भुवयावाल्यांनी मराठीत विचारलं. हेच चुकलं. माझी तयारी इंग्रजीची होती. म्हणाले, तुमची बहीण सांगते की घरी एक स्थळ बघून ठेवलंय. आम्ही सीट दिली आणि तुम्ही दोन वर्षांनी लग्न लावून तिला घरी नेलंत, तर ती सीट वाया. तसं करणार का?

मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं.

ते म्हणाले, म्हणजे करणार?

मी मान हलवली.

लिहायला नको होतं, पण रोजनिशी आहे. मान हलली. मी हलवली नाही, तिला सवय आहे.

मग ताई बोलली. आवाज चढवला नाही. "सर, हा कशालाही मान हलवतो. त्याला डॉक्टर व्हायचंय का विचारा, त्यालाही हलवेल. माझं मला विचारा."

त्यांनी खरंच मला विचारलं, डॉक्टर व्हायचंय का? मी मान हलवली. तिघंही हसले.

मग ते ताईकडे वळले. ती म्हणाली, "सीट मिळाली तर दिवाळीला मी इथे. नाही मिळाली तर सासरी. मिळाल्यावर सोडून जाणारी असते तर हात बांगड्यांच्या मापाला दिला तेव्हाच पुस्तक मिटलं असतं."

आम्हाला बाहेर पाठवलं.

घाटात माझं भाषण आलं. सगळं, पहिल्यापासून, मोठ्याने. पुढच्या सीटवरच्या म्हातारीने वळून पाहिलं. ताईने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "आता, आनंदा?" आणि खिडकीकडे तोंड केलं.

१६ जुलै
शांतपणे विचार केला. परीक्षक हसले म्हणजे खूश झाले. मी बोललो असतो तर ताईला बोलायची संधी मिळाली नसती. थोडक्यात, मी संधी दिली.

ताई दोन वेळा जेवली नाही.

२१ जुलै
सखूबाई आल्या. साडी घेऊन. मुहूर्त धरायचा म्हणतात, पुण्याचं काही कळत नाही, आम्ही किती थांबायचं. दाजींनी बुधवारी सांगतो म्हटलं.

ठरवलं, दाजींशी बोलायचं. पुण्याचं कळेपर्यंत शब्द देऊ नका, एवढंच सांगायचं आहे. एक वाक्य. आज रात्रीच.

रात्री: ते जेवत होते.

२२ जुलै
सकाळी झोपले होते. दुपारी पाय शेकत होते. संध्याकाळी मोकळे होते, पण जागे होते.

२३ जुलै
उद्या बुधवार. दाजी ओटीवर पाय पसरून एकटेच बसले होते. गेलो. समोर उभा राहिलो. म्हणाले, काय? तोंड उघडलं आणि "रिस्पेक्टेड सर्स" बाहेर आलं. थांबवता येईना. दुसरं पाठच नव्हतं. सगळं म्हटलं. आवर फॅमिली गिव्ह्ज वर्ड, आवर सिस्टर विल नॉट लीव्ह हर स्टडीज, थँक यू सर्स.

दाजींना इंग्रजी येत नाही. त्यांनी सगळं ऐकलं. हुक्का विझला तरी ऐकत होते. मग आत आईला म्हणाले, "पोरगा बोलला गं." मला म्हणाले, "तायचं हाय ना?"

मी पळालो. मान हलवायचीसुद्धा राहिली.

२४ जुलै
दाजींनी कोनला निरोप पाठवला. पुण्याचं कळल्याबिगर आमी काय बोलत नाय. तुमाला घाई असंल तं दुसरी पोरगी बघा. माप घेतलेल्या बांगड्या ठेवून घ्या.

सखूबाई रागावल्या असं कळलं. माझ्या भाषणाचा मसुदा चांगलाच होता म्हणायचा.

३० जुलै
तार आली. सीट मिळाली!

आई रडली. ताई रडली नाही, मागच्या दारी जाऊन तोंडावर पाणी मारून आली. दाजींनी तार धोतराच्या सोग्यात बांधली आणि लंगडत लंगडत सगळ्या बाजारातून फिरून आले. कापडवाले माझ्याकडे वळून म्हणाले, आणि तुझं रे? मी मान हलवणार होतो. पण उभी हलवू की आडवी, ते कळेना.

माझं पुढच्या वर्षी. आधी मॅट्रिक बाहेरून, मग प्री-डिग्री, मग इंटर. ताई तिथे असल्यामुळे वाट माहीत आहे.

५ ऑगस्ट
ताईला हॉस्टेलवर पोचवली. ट्रंक मी उचलली. फाटकावर बाई होत्या, म्हणाल्या पुरुषांना आत सोडत नाही, हा कोण. ताईने सांगितलं, भाऊ. मग म्हणाली, "माझा सगळा अभ्यास ह्यानेच घेतला." बाई माझ्याकडे जरा आदराने बघायला लागल्या. मला काहीतरी म्हणायचं होतं. ट्रंक आत गेली.

घाटात उलटी झाली नाही. आवळकाठी तिने माझ्या खिशात घातली होती, पण खायचं आठवलं नाही.

६ ऑगस्ट
आजपासून माझा अभ्यास. ताईने पुस्तकं मलाच दिलीत. नवीन टाइमटेबल. खळ उरलेली होती.

७ ऑगस्ट
पाचला उठलो. खरंच पाचला. कंदील लावला, बायॉलॉजीचं पुस्तक उघडलं, पहिला प्रश्न वाचला. पाठ होता. डोळे मिटले आणि उत्तराची वाट पाहिली.

बराच वेळ पाहिली. मग "हं?" केलं.

दुसरा प्रश्न घेतला. तिसरा. मधली पानं उलटून तिथलाही घेतला. प्रश्न सगळे येतात, एकसुद्धा चुकत नाही. उत्तरं ताई म्हणायची.

आतून दाजींनी विचारलं, वाचतोयस का रं? मी म्हटलं, नाही.

त्यांनी नववीच्या मास्तरांशी बोलून ठेवलंय. सोमवारपासून वर्गात बसायचं, पोरं माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पहिल्या तासाला कविता आहे.