तुझ्या ॲपने नाकारलेली माणसं

प्रिय ठमी,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलेय. हे आईला वाचून दाखवू नकोस, एवढं मात्र कर.

आमच्या शाखेत आता चारच माणसं उरलीत. कर्जाच्या विभागात माझं एकटीचं टेबल. बाकीची भिंतीला सरकवलीत, त्यांच्यावर पाण्याच्या बाटल्यांचे खोके. परवा मीटिंगमध्ये मॅनेजर भलतेच खुशीत होते. म्हणाले, "माणसं निम्म्याहून कमी आणि कर्जं दुप्पट, याला म्हणतात काम!" मग माझ्याकडे हात करून, "यांच्याच धाकट्या बहिणीची कमाल." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, पोटात दुखलं. तुला या बँकेत चिकटवलं मी. समोरचा माणूस बोलताना कुठे अडखळतो ते कसं हेरायचं, हे तू माझ्या शेजारी बसून शिकलीस. आणि मग मोबाईलचे ॲप बनवणाऱ्या कंपनीत जाऊन तेच सगळं कर्ज मंजूर करणाऱ्या ॲपमध्ये बसवलंस आणि आमच्याच बँकेला विकलंस.

तू ट्रेनिंग द्यायला आलीस तेव्हा मॅनेजरांनी स्वतः तुझ्यासाठी खुर्ची ओढली. माझ्यासाठी त्यांनी कधी पंख्याचं बटणही दाबलेलं नाही. वर आई शेजारणींना सांगते, "मोठी बँकेत आहे, पण धाकटी बँका चालवते!" अगं, कुठली बँक चालवतेस तू? पण हे तिला बोलले असते तर जळतेस म्हणाली असती, आणि ते खरंच होतं.

सगळ्यात जास्त झोंबलं ते बेकरीवाल्या बाईंचं. भट्टीसाठी त्यांना पहिलं कर्ज मी दिलं होतं. यंदा शाखेत आल्या, नुसत्या भेटायला. म्हणाल्या, "मागे तुमच्याकडे चकरा मारून चपला झिजल्या हो. या खेपेला पीठ मळता मळता मंजूर झालं!" मला वाटायचं, माणसं माझ्याकडे माझ्यासाठी येतात. ती दुसरा रस्ता नव्हता म्हणून येत होती.

मग छापखानावाल्या काकांना तुझ्या ॲपने नकार दिला. ठमी, मला आनंद झाला! इतक्या वर्षांचा आमचा माणूस, कधी एक हप्ता चुकवला नाही. म्हटलं, आता सापडलीस तू. मॅनेजरांना पुरावा दाखवायचा म्हणून मी सुट्टी टाकून छापखान्यात गेले. आत यंत्रं नव्हती. जमिनीवर तेलाचे चौकोनी डाग तेवढे राहिले होते. काका एका स्टुलावर बसून होते. म्हणाले, "विकली गं. कामच येईना. कर्ज मिळालं असतं तर कामगारांचे पगार तरी..." म्हणजे ॲप बरोबर होतं. तिथे उभ्याउभ्या मला रडू आलं, आणि ते काकांसाठी किती नि माझ्यासाठी किती, हे मलाही कळलं नाही.

त्यांनी मला बसवून घेतलं. कर्ज नाही मिळणार, हे मी त्यांना नीट समजावलं, जागा भाड्याने देण्याचंही आम्ही बोललो. निघताना म्हणाले, "मोबाईलने नाही म्हटलं, पण कशामुळे ते कुणी सांगितलं नव्हतं." घरी येताना मी जरा ताठ मानेने चालले. म्हटलं, हे काम तुझ्या ॲपला जमायचं नाही. नकार मिळालेल्यांना भेटायला बँकेने माणूस नेमावा, अशी सूचनाही मनात तयार केली.

दुसऱ्याच दिवशी मुख्य ऑफिसकडून मला विचारणा आली. नेमकं तेच काम, नवा विभाग. तो तू सुचवलास, आणि माझं नावही तूच घातलंस, हे आईच्या तोंडून निसटलं. म्हणजे हेसुद्धा तुलाच आधी सुचलं! इतकी जळले की रात्रीची भाजी करपली.

तरीही मी होकार कळवलाय. हे काम मला आवडेल, आणि कदाचित तुझ्यापेक्षा चांगलं जमेलही. हेवा लगेच जाणार नाही, तो मी बरोबर घेऊनच येईन. पण हा विभाग बँकेसाठी तुझी कंपनीच बघणार, म्हणजे सोमवारपासून माझ्या कामावर सही करणार तू, आणि साहेबाला असं काही लिहिता येत नाही. म्हणून आजच, तू नुसती माझी धाकटी आहेस तोवर, सगळं लिहून टाकलं.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई