अक्काच्या तव्यासाठी शिट्टी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

टेंबलाई फाटक, कोल्हापूर
मार्गशीर्ष, सन २००६

चिरंजीव शशिधर यास सोमूमामाचा पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यातलं खरं किती ते पुढं कळेलच. तुझी आणि सौ. सुष्मिताची तब्येत कशी आहे? त्या जर्मनीच्या थंडीत तुझं लहानपणापासूनचं वाहतं नाक थांबलं का? तुझी मामी गुडघा धरून बसते आणि तोंड चालू ठेवते, म्हणजे ठीक आहे. (ती आत्ता मागं उभी राहून वाचतेय, म्हणून हात आखडून लिहितोय.)

आधी फोनचं सांगतो. कितीतरी रविवार तुला मामाचा मोबाइल बंद लागतोय, म्हणून तू शेजारच्या गणपतरावांकडं निरोप ठेवलास की मामा रुसलाय का. रुसलो नाही बाबा. मोबाइलची बॅटरी इंजिनात आहे. गणपतरावांच्या फोनवरनं सांगितलं असतं, पण त्यांचं माझं सध्या बोलणं बंद आहे (तुझा निरोपही मामीच्या हाती आला), तेही त्या इंजिनापायीच. तेव्हा चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

दाजी, म्हणजे तुझे अप्पा, रिटायर झाले तेव्हा तू तिकडनं तळहातावर मावेल एवढं खेळण्यातलं कोळशाचं इंजिन आणि त्याचे रूळ धाडलेस, आठवतंय ना? तू तिकडं बसून धाडलंस, पण त्याचं इथं काय झालं ते तू कधी बघितलं नाहीस. दाजी रेल्वेत ड्रायव्हर असताना फाटकापाशी इंजिन आलं की त्यांच्या पद्धतीची शिट्टी द्यायचे, एक लांब आणि दोन तोकड्या. ती ऐकली की तुझी अव्वा, म्हणजे आमची अक्का, तवा ठेवायची. दाजी स्टेशनात इंजिन ताब्यात देऊन चालत घरी येईपर्यंत भाकरी फुगलेली. गार भाकरी त्यांनी आयुष्यात खाल्ली नाही आणि ते आल्याशिवाय अक्का कधी जेवली नाही. मग रिटायर झाल्यावर त्यांनी तुझे रूळ मधल्या खोलीतनं थेट स्वयंपाकघरात नेले. भूक लागली की मधल्या खोलीत बसून इंजिन सोडायचे आणि तोंडानं शिट्टी मारायचे. इंजिन कट्ट्यापाशी येऊन थांबलं की अक्का हसत तवा ठेवायची. हा म्हाताऱ्या-म्हातारीचा खेळ रोजचा होता. दाजी गेल्यावर मी ते इंजिन फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.

आता तुला फोनवर कोणी सांगितलं नाही ते सांगतो. दिवाळीपासून अक्काचं डोकं जागेवर राहत नाही. दिवसभर शहाणी असते, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण तिलाच आधी दिसतं. पण दिवेलागण झाली की मागच्या दारात उभी राहते, शिट्टीची वाट बघत. डिझेलची गाडी भोंगा देऊन जाते, तर म्हणते, ही त्यांची न्हवं. शिट्टी नाही म्हणून तवा नाही, तवा नाही म्हणून जेवण नाही. आम्ही ताट पुढं केलं की म्हणते, तुम्ही बसा, मी ते आल्यावर बसते. डॉक्टर म्हणतात, पोटात गेलं तरच औषध चालंल. हाताच्या बांगड्या आता कोपरापर्यंत वर जातात शशी, बघवत नाही.

मी तोंडानं शिट्टी मारून बघितली. अक्का म्हणाली, सोमू, गप बस, गॅस गळतोय असं वाटतं. टेपवर सिनेमातल्या इंजिनाची शिट्टी लावली, तर म्हणाली, टेप बंद कर. तेव्हा मी कपाटातनं इंजिन काढलं. उद्यमनगरात लेथवर जन्म गेला माझा, म्हटलं खेळण्यातलं इंजिन ते काय, चुटकीसरशी करतो. (ह्या चुटकीनं मला कुठं नेलं ते बघ.)

तुझं इंजिन चालतं रुळांतल्या करंटवर, आणि करंट महाराष्ट्र शासनाच्या मर्जीवर. इथं लोडशेडिंग नेमकं भाकरीच्या वेळेला. म्हणून बॅटरी घालायचं ठरलं. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा कृष्णात माझा दोस्त आहे, म्हणजे त्याच्याकडं दुरुस्तीला टाकलेला टेप परत बघितलेला माणूस मला भेटलेला नाही, पण आत्मविश्वास दांडगा. त्यानं आधी स्कूटरची बॅटरी आणली. ती इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर ठेवली, तर डबा चेपला, इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरली आणि मामी म्हणाली, बैल पिटुकला आणि गाडी उसाची. मग डबा ठोकून सरळ केला आणि माझ्या मोबाइलची बॅटरी काढून त्यात बसवली. चपखल बसली! इंजिन अंधारात, वायर नसताना सुळकन गेलं, तेव्हा मी कृष्णातला मिठी मारली.

पण सोडायचं आणि थांबवायचं इंजिनाजवळ बसून, आणि मी तिथं दिसलो की अक्काला कळणार की हा सोमूचा उद्योग. म्हणून रिमोट पाहिजे. महाद्वार रोडवरनं पोरांची रिमोटवर पळणारी मोटार आणली, तिची आतडी काढून इंजिनात भरली, एरियलची तार धुराड्यातनं बाहेर. आपली आगीनगाडी पहिल्याच दिवशी रिमोटला हात न लावता निघाली, मामीच्या परातीत घुसली आणि पिठात चाकं फिरवत बसली. भूतबाधा नव्हती. गणपतरावांनी नातवासाठी तसलीच मोटार आणलेली आणि नातू पुण्याला असल्यानं ते स्वतःच गच्चीवर फिरवत होते. पोलिसात हवालदार होते, त्यांना म्हटलं, वाढायच्या वेळेला जरा थांबा, तर म्हणाले, माझ्या गच्चीवर माझी गाडी. मी रागाच्या भरात त्यांच्या निवृत्तिवेतनापर्यंत गेलो. तेव्हापासून बोलणं बंद. पण दिवेलागणीला त्यांची मोटार फिरत नाही, हेही खरं.

राहिली शिट्टी. कृष्णातनं मोटारी मागं घेताना वाजतो तसला भोंगा आणून बॉयलरमध्ये बसवला, तो आरतीच्या चालीवर वाजला. अक्का हात जोडून उभी राहिली आणि कापूर मागायला लागली. मी कृष्णातला हाकलून काढला, आणि पाठोपाठ जाऊन परत बोलावून आणला, कारण इंजिन उघडं त्याच्याच हातात होतं. मग हातकणंगल्याला दाजींचे जुने फायरमन भरमाप्पा राहतात, त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, पावणं, तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून कोळसा मारलाय, ती शिट्टी तोंडानं काढा, मी भरून घेतो. भरमाप्पांनी छाती भरून घेतली, तोंडाचा चंबू केला, आणि नुसती हवा आली. दात सगळे गेलेत. तीनदा केलं आणि मग धोतराचं टोक डोळ्याला लावून बसले. मीही बसलो. चहा गार झाला तरी आम्हा दोघांना तो प्यायचं सुचलं नाही.

शेवटी साखर कारखान्याच्या बॉयलरची शिट्टी टेपवर घेतली. (वॉचमननं मला कानाला टेप लावून झाडाखाली बघितलं, वेडा समजून गूळ-शेंगा दिल्या. खाल्ल्या.) कृष्णातनं ती बोलक्या बाहुलीच्या पोटातल्या चिपमध्ये भरली, एक लांब, दोन तोकड्या. गेल्या सोमवारी लाइट गेली. मधल्या खोलीतल्या अंधारात मी बटण दाबलं. इंजिन निघालं, कट्ट्यापाशी थांबलं, आणि शिट्टी दिली.

शशी, अक्कानं तवा ठेवला. मेणबत्तीच्या उजेडात भाकरी थापायला लागली, आणि तो थापायचा आवाज ऐकून मामी पदर तोंडात घालून रडली. मला वाटलं, जिंकलो. अक्कानं ताट वाढलं, झुणका, भाकरी, कांदा. मग मधल्या खोलीत आली आणि म्हणाली, "त्यांची न्हवं ही शिट्टी. कोण तरी नवा डायवर हाय. पण उपाशी आला असंल बिचारा, त्याला वाढ जा. मी ते आल्यावर बसते."

त्या नव्या ड्रायव्हरचं ताट मीच खाल्लं. भाकरी टाकली असती तर तिला लागलं असतं. आता रोज असंच चाललंय. अक्का रोज तवा ठेवते, रोज परक्याला वाढते, आणि स्वतः उपाशी झोपते. मी मात्र वाढलोय, पँटचा हूक लागत नाही.

असो. तुझ्या नोकरीत, परमुलखातल्या धावपळीत हे वाचायला वेळ मिळाला तर वाच. इकडची काळजी करू नको, काळजी करायला आम्ही इथं बसलोयच.

तुझा,
सोमशेखर मामा

ता. क. तू लहान असताना फाटकावर उभा राहून हुबेहूब अप्पांसारखी शिट्टी मारायचास. अक्का फसून तवा ठेवायची आणि मग लाटणं घेऊन तुझ्यामागं धावायची. ती शिट्टी अजून येत असेल तर कॅसेटवर भरून धाड. कृष्णात चिपमध्ये बसवतो म्हणतोय.

ता. क. दुसरा. मामीनं पत्र पुरतं वाचलं आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. ती म्हणते, कॅसेटचं खोड. अक्का ओळखेल, दोन ताटं वाढेल, आणि मग मधल्या खोलीच्या दाराकडं बघत बसेल. तिथनं कोणी आलंच नाही तर? ते काय बॅटरीवर जमणार आहे? मी पेन परत घेतलं. तिचं बरोबर आहे, कॅसेट धाडू नको.

ता. क. शेवटचा. तू ये. येतोस म्हणून फोन करू नको, बॅटरी इंजिनातच आहे. फाटकापाशी रिक्षा सोड आणि तिथनंच शिट्टी दे, एक लांब, दोन तोकड्या. मग घाई न करता चालत ये. तवा तापायला तिला तेवढा वेळ लागतो.