न वाचायची चिठ्ठी

११ जानेवारी, शनिवार
रिबेकानं आज परत प्रश्न काढला. प्रार्थना ऐकली गेली नाही हे कळायचं कसं, की नुसतं थांबायचं? मी उत्तर दिलं. पाठ केल्यासारखं निघालं, माझं मलाच कळलं. बाकीच्या दहाजणांनी माना खाली घातल्या. शेरॉननंही. माझीच मुलगी, पण शनिवारी मला सगळ्यांसारखं ‘मावशी’ म्हणते. नियम मीच केलेला.

सात घरांतली अकरा मुलं, सगळी घरीच शिकणारी. आठवड्यातून एकदा लातुरात एकत्र यायचं. सकाळी शास्त्रपाठ, म्हणजे बायबल, मग सुलेखन, जेवून मैदान. घरी कमी पडतं ते इथं मिळावं, एवढाच हेतू होता. अजून तोच आहे का?

रिबेका उदगीरहून पहाटेची एसटी धरून येते. तिची आई संध्याताई नर्स, एकटीनं पोरीला वाढवलंय. शाळेतून काढा, मुक्त शाळेतून दहावी द्या, हे दोन वर्षांपूर्वी मीच त्यांच्या गळी उतरवलं.

एक सुचलंय. पुढच्या शनिवारी देवाला चिठ्ठी. नाव टाकायचं नाही, पाकीट बंद, कोणी वाचणार नाही. मनात असेल ते तरी बाहेर येईल.

१८ जानेवारी, शनिवार
चिठ्ठ्या झाल्या. सुलेखनाला जोडूनच घेतलं, त्यामुळे सगळ्यांनी बोरूनं लिहिलं. अकराही जणांचं अक्षर आता एकसारखं, माझ्या वळणाचं. बघून बरं वाटलं.

रिबेका म्हणाली, “मावशी, तुम्ही पण वाचणार नाही?”
“मी पण नाही.”

बिराजदार सर दुपारी खूश. मैदानाचं सगळं तेच बघतात. निवृत्त पी.टी. मास्तर, आमच्या चर्चचे नाहीत, पण शनिवार चुकवत नाहीत. आठ फेब्रुवारीला नांदेडच्या मुलींशी थ्रोबॉलची मॅच ठरवली त्यांनी. आपल्या मुली बरोबर सात. “रिबेकाची सर्विस बघून राहिलात का बाई? ती पोरगी हाय म्हणून टीम हाय.”

२१ जानेवारी, मंगळवार
उघडल्या. लिहूनच टाकते.

माझा नवरा प्रकाश बँकेत, शेरॉन गच्चीवर अभ्यासाला. चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरून उघडल्या, म्हणजे ओघात झालं असं म्हणायची सोय नाही. मनाला सांगितलं, मुलांची जबाबदारी माझ्यावर आहे. पहिलीत परीक्षेची भीती. दुसरीत बापाच्या रागाबद्दल. तिसरीत हे:

‘सगळे डोळे मिटतात तेव्हा मी उघडे ठेवते. मला काहीच ऐकू येत नाही. मी नुसती ओठ हलवते. मला शाळेत जायचंय, बेल वाजते तिथं. आईला सांगितलं तर ती मोडून पडेल, कारण तिनं सगळं माझ्यावर लावलंय.’

पुढच्या आठ उघडल्या नाहीत. गरज वाटली नाही. एकट्या आईची मुलगी, प्रश्न विचारणारी. कोणाची ते उघडच होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार
संध्याताईंना फोन केला. तीन दिवस प्रार्थना करून केला असं त्यांना म्हणाले. खरं तर तीन दिवस वाक्यं जुळवत होते. चिठ्ठी वाचून दाखवली. ‘मोडून पडेल’ला त्यांचा श्वास ऐकू आला.

“तिचीच हाय?”
“दुसऱ्या कोणाची असणार, ताई?”

२६ जानेवारी, रविवार
उपासनेनंतर संध्याताईंचा फोन. “विचारलं तिला. हो म्हणाली.” मग म्हणाल्या, “दोन-चार शनिवार पाठवत न्हाई मी. घरीच बसू दे.”

म्हणजे माझं बरोबर होतं. असं लिहिताना हात हलका व्हायला हवा होता.

चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. म्हणाले, वेळीच लक्ष गेलं तुमचं, असंच जागं राहायला हवं. शेरॉन शेजारीच उभी होती. घरी येताना माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. मैत्रीण दुरावली म्हणून असेल.

१ फेब्रुवारी, शनिवार
दहाजण. कोणी रिबेकाबद्दल विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. शास्त्रपाठात एकही प्रश्न नाही. मला असाच शांत वर्ग हवा होता ना? तासाभरात दोनदा घड्याळ बघितलं.

बिराजदार सरांना सांगितलं, घरगुती कारण आहे. चेंडू काखेत धरून ऐकत राहिले. “पोरीची काय चूक झाली असंल तर त्याचा राग मैदानावर नका काढू, बाई. मैदानावर तिचं लई चांगलं चालू हाय.”

८ फेब्रुवारी, शनिवार
नांदेड. सहाच मुली. समोरच्या बाईंनी त्यांची एक आपल्याला दिली, तरी दोन्ही सेट गेले. शेरॉनच्या हातून सोपे चेंडू सुटत होते.

परतताना अहमदपूरला बस थांबली. बाकीच्या चहाला उतरल्या, शेरॉन बसूनच राहिली. तिला केळी द्यायला गेले.

“आई, ती चिठ्ठी माझी होती.”

शनिवार असून आई म्हणाली. मला आधी तेवढंच ऐकू आलं.

मग बाकीचं. मी संध्याताईंना फोन केला तेव्हा ती जिन्यात उभी होती, सगळं ऐकलं. रिबेकाला कळवलं, मी सांगून टाकते म्हणून. रिबेकानंच थांबवलं: तुझ्या आईला कळलं तर ती वर्गच बंद करेल, मग सगळ्यांचंच जाईल, मी म्हणते हो. शेरॉन म्हणाली, “मी तिला तसं करू दिलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आई.”

मुली चढल्या. केळी माझ्या हातातच. लातूर येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो.

९ फेब्रुवारी, रविवार
आज उपासनेत प्रार्थनेला मी डोळे मिटले नाहीत. शेरॉनकडे बघत होते. ओठ हलत होते तिचे, बाकी सगळ्यांसारखेच. किती वर्षं असं चाललं असेल? आणि घरात मी रोज तिच्यासमोर बसते.

प्रकाशला सांगितलं. चष्मा काढून बसला. “उदगीरला कधी जाणार?” एवढंच.

मी म्हणाले, आधी शेरॉनशी नीट बोलते.

१२ फेब्रुवारी, बुधवार
बोलले नाही. गेलेही नाही.

खरं कारण लिहिते. बाकीच्या सहा घरांनी मुलं पाठवली ती आमचं घर बघून. अनिताताईंची शेरॉन बघा, असं म्हणतात लोक. चिठ्ठी रिबेकाची असताना मी दुसऱ्या दिवसापासून फोनची तयारी करत होते. शेरॉनची निघाली तर मला चार दिवस पुरत नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पाठ आधीच ठरलेला होता, खोटी साक्ष. बदलता आला असता, पण बदलला तर का, असं कोणी विचारेल म्हणून तोच घेतला. शेरॉन पहिल्या रांगेत. वीस मिनिटं बोलले. मग घसा बसलाय असं सांगून मुलांना लवकर मैदानावर सोडलं. घसा ठणठणीत होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
उदगीरला गेले. एकटीच. शेरॉन येते म्हणत होती, नको म्हणाले. हे माझं होतं.

संध्याताई ड्यूटीवरून नुकत्याच आलेल्या, युनिफॉर्मवरच होत्या. “सलाम, या ना,” म्हणून खुर्ची पुसली. रिबेका ओट्याजवळ तांदूळ निवडत होती. उभं राहूनच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं.

“ती चिठ्ठी रिबेकाची नव्हती. शेरॉनची होती. मला दहा दिवसांपूर्वी कळलं.”

संध्याताई माझ्याकडे नाही, पोरीकडे वळल्या. “मग हो का म्हणालीस तू?”

“तू विचारलंस कुठं? तू म्हणालीस, हे तूच लिहिलंस ना.” ताट बाजूला सरकवलं तिनं. “अन् मी न्हाई म्हणाले असते तर मावशीनं अजून एकीचं नाव घेतलं असतं.”

नंतर हळू म्हणाली, “त्यातलं अर्धं माझं पण हायच.”

पुसलेल्या खुर्चीवर संध्याताईच बसल्या. “तीन आठवडे मी पोरीशी धड बोलले न्हाई. ड्यूटी करून यायचं अन् भिंतीकडं तोंड करून पडायचं. हिनं वाढलेलं जेवायचं, पण हिच्याकडं बघायचं न्हाई. ते दिवस कुठून आणू मी?”

मी माफी मागितली.

“मागा. पण आज माझ्याकडं द्यायला काही न्हाई.”

चहा केला तरी. तिघींनी प्यायला. निघताना दारात विचारलं, शनिवारी रिबेका...? संध्याताई म्हणाल्या, “ते तिलाच विचारा. माझ्याकडून निरोप घेऊ नका आता.”

तिला विचारलं. “बघते,” म्हणाली. राग दिसला असता तर सोपं गेलं असतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
शेरॉनला विचारलं, शाळेत जायचंय का अजून?

“आई म्हणून विचारतेस की मावशी म्हणून?”

आई म्हणून, म्हणाले. मग तिनं सांगितलं. शाळेबद्दल कमी, देवाबद्दल जास्त. मध्ये दोनदा तिला समजवायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी मोडून पडले नाही. पडले असते तरी ते तिनं सांभाळायचं नव्हतं.

प्रकाश जूनच्या प्रवेशाची चौकशी करून आलाय. मी अजून हो म्हणालेले नाही. नाहीही म्हणाले नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
ऊन तापायला लागलंय म्हणून आज मैदान आधी, पाठ नंतर. पालकांनाही सकाळी लवकर बोलावलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं: मी चिठ्ठ्या उघडल्या, तीन वाचल्या, रिबेकाचं नाव मी घेतलं, ते खोटं होतं. चिठ्ठी कोणाची ते मी सांगणार नव्हते. शेरॉन उठून म्हणाली, माझी होती.

ज्या मुलानं बापाच्या रागाबद्दल लिहिलं होतं तो कोण, ते मला तेव्हाच कळलं. पांढराफटक पडला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, एवढंच करता आलं. वर्गातलं एक घर नांदेडचं, ते लोक मुलांना घेऊन निघून गेले. दोघंही मुलगेच, म्हणून मुलींची टीम राहिली. पाळकसाहेब म्हणाले, पाठ पुढे कोणी घ्यायचा ते बसून ठरवू. ठरवा, मी म्हणाले.

मैदानाच्या कडेला बसून लिहितेय. बिराजदार सर जाळी बांधून आले. त्यांनी सकाळचं सगळं मागे उभं राहून ऐकलं होतं.

“बाई, सहा धरू का सात?”

पावणेनऊ झालेत. उदगीरची गाडी साडेआठला लागते, स्टँडवरून इथं चालत पंधरा मिनिटं.

“जरा थांबू, सर.”

“हाव, थांबू की,” म्हणाले आणि चेंडूत हवा भरायला बसले. शेरॉन फाटकाशी जाऊन उभी राहिली आहे. तिला हाक मारली नाही.