स्टिअरिंगवरचं बोट

ता. १२, सोमवार

प्रिय गुंड्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील. मी उत्तम आहे, गुडघे सोडून. दारातली गुलाबाची कुंडी मांजरीने पाडली. वरच्या मजल्यावरचे मास्तर निवृत्त झाल्यापासून बासरी शिकायला लागले आहेत. बासरीने अजून होकार दिलेला नाही. तुझी गाडी दुरुस्त होऊन आली, अगदी नव्यासारखी दिसते, असं तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं. गाड्यांचं बरं असतं.

शुक्रवारी मी रस्त्यांच्या ऑफिसात गेले होते. टेबलामागे एक तरुण इंजिनिअर बसला होता. शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्यावर मात्र कसलीच रेघ नाही. मी म्हटलं, कालव्याच्या पुलावरच्या वळणाबद्दल बोलायचंय.

"पुलापर्यंतचा रस्ता आमचा, बाई. पुढचा पलीकडच्या ऑफिसचा."

"आणि पूल?"

"पुलाचं अजून ठरायचंय."

"वळण पुलावर आहे. म्हणजे ते अनाथ समजायचं का?"

"तुम्ही एक अर्ज द्या."

"दिलेत. ते त्या कपाटात आहेत, ज्याला टेकवून तुम्ही छत्री ठेवलीय."

त्याने छत्री उचलली आणि दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. कपाट काही उघडलं नाही. मी निघाले तेव्हा मात्र उभा राहिला. कुणीतरी तेवढं शिकवलं असणार.

येताना बस पुलाशी थांबवून उतरले आणि सगळं नीट पाहून घेतलं. रस्त्याच्या मधोमध जो पांढरा पट्टा आहे, तो पुलाच्या तोंडाशी असा संपतो, जणू रंगवणाऱ्याला जेवायला हाक आली आणि तो ब्रश टाकून गेला. पलीकडे पट्टा नाही, कडेला खांब नाहीत, कठड्याचा अर्धा भाग कालव्यात पडलेला. आतल्या बाजूला गवत माझ्या डोक्याच्या वर. वळणाचा फलकही एके काळी होता म्हणे. तो सापडला मला. पुढच्या पंक्चरवाल्याने पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलाय, बाण आकाशाकडे करून. मी रागावले तर म्हणतो, "खड्ड्यात पडला होता, मावशी. रस्त्याला नको होता, मला हवा होता."

तुझा अपघाताचा जबाब लिहून सोबत पाठवते आहे. घरातल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचे, तेव्हा तू मागितलास यात नवल नाही. पट्टा, फलक, कठडा, गवत, उतार सगळं क्रमाने घातलंय. बुधवारी, म्हणजे येत्या नव्हे, पुढच्या बुधवारी चौकशी आहे. अधिकाऱ्यांपुढे हे वाचलं गेलं की त्या इंजिनिअरला दोन्ही हातांनी छत्री धरावी लागेल. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलंय. गाडीच्या आतल्या बाजूबद्दल काही लिहिलेलं नाही. कुणी विचारेल असं वाटत नाही.

माझं म्हणशील तर मी शेजारी बसले होते आणि समोर बघत होते. मला विचारलं तर मी रस्त्याबद्दल बोलेन.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाई इस्पितळातून घरी आल्या असं कळलं. उजवं पाऊल मोडलंय. मी भेटून येईन म्हणते. तू गेला नसशीलच.

सही वाचता येईल अशी कर.

तुझी,
ताई


ता. १८, रविवार

प्रिय गुंड्या,

आशीर्वाद.

जबाबावर सही केली असशील तर तो कागद फाडून टाक. केली नसशील तरी फाड. आता सावकाश बस आणि हे वाच. फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

काल मी त्या शिंपीणबाईंकडे गेले होते. पुलापासून चालत दहाएक मिनिटांवर घर आहे, पत्र्याचं छप्पर, पुढे सारवल्यासारखं स्वच्छ अंगण. दार उघडंच होतं. खिडकीखाली पायाने चालवायचं शिलाई मशीन, त्यावर जुनी चादर टाकलेली. दोरीवर शाळेच्या पोरांचे शर्ट टांगलेले, सगळे बिनकॉलरचे, जणू सगळ्यांची एकदमच मान गेली. बाई खाटेवर बसल्या होत्या. प्लास्टरमधला पाय स्टुलावर, गळ्यात मोजपट्टी, हातात सुई. बटणं लावत होत्या. हाताने होतं तेवढंच करता येतं, म्हणाल्या. मशीनला दोन पाय लागतात.

मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "तुम्ही गाडीतल्या ना? या. ती खुर्ची नको, तिचा पाय माझ्यासारखाच आहे. त्या पेटीवर बसा."

मी पेटीवर बसले आणि सुरू झाले. तुला माहितीय मी कशी सुरू होते. पट्टा, फलक, कठडा, गवत, दोन ऑफिसं, मधलं अनाथ वळण. पिंपावरचं झाकणसुद्धा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "छान बोलता हो तुम्ही. रेडिओवर बोलतात तसं."

मग सुईत दुसरा दोरा ओवताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "मला एकच सांगा. ब्रेक गेला होता का गाडीचा?"

मी म्हटलं, "नाही. का?"

"मग कळत नाही मला. तुमच्या भावाने बघितलं होतं की मला. बोट दाखवलं ना त्यांनी."

मी विचारलं, कसलं बोट. खरं तर विचारायची गरज नव्हती.

त्यांनी सुई शर्टाला टोचून ठेवली आणि दोन्ही मुठी समोर धरल्या, स्टिअरिंग धरतात तशा. मग उजव्या हाताचं एक बोट वर केलं. "असं. आमच्या रस्त्यावर सगळेच करतात. ट्रॅक्टरवाला असो, दूधवाला असो, बसचा ड्रायव्हर असो. या वळणाला आहे काय दुसरं? समोरून येणाऱ्याने बोट उचललं की समजायचं, मी दिसले त्याला. मग आपण कडेला उभं राहायचं, हलायचं नाही. हललं तर त्याला कळणार कसं कुठे जातोय ते? तो जातो, मग आपण निघतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं हेच शिकवलं. चूल नंतर दाखवली."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी काय, मी सायकल धरून उभी राहिले. मागे शर्टांचं गाठोडं होतं. खाली कालव्याकडे उतार आहे, गवत आहे, तिकडे सायकलसकट गेले असते तर खरचटलं असतं फार तर. पण बोट वर झालेलं बघितलं मी. मग कशाला जाऊ खाली? शर्ट भिजले असते." त्या हसल्या. "म्हणून म्हटलं, बघितलं तर होतं, मग ब्रेकच गेला असेल बिचाऱ्यांचा. आजपर्यंत मी सगळ्यांना हेच सांगत होते."

गुंड्या, ती बाई आठवडाभर त्या खाटेवर बसून तुझी बाजू मांडत होती.

त्या पुन्हा म्हणाल्या, "विचारून सांगाल का त्यांना?"

"तेच सांगतील तुम्हाला," मी म्हटलं. "त्यांच्याच तोंडून ऐका."

आता जे आधीच्या पत्रात नव्हतं ते लिहिते. फोन तुझ्या डाव्या खांद्यावर होता आणि मान त्याच्यावर. दुकानातला तुझा माणूस विचारत होता, गिऱ्हाइकाला बाथरूमच्या फरश्या मोतिया रंगाच्या पाठवायच्या की दुधी. पट्टा संपला तेव्हा तू दुधी म्हणालास. मला ती बाई गवताच्या टोकाशी दिसली, सायकल, गाठोडं, सगळं. मी म्हटलं, "गुंड्या, समोर!" तू मला गप्प करायला बोट वर केलंस. स्टिअरिंगवरून. रस्त्याकडे तुझं तोंड होतं, डोळे नव्हते.

ते बोट मी ओळखते. जेवताना तू ते बायकोला दाखवतोस. बाबा इस्पितळात पडून होते आणि काहीतरी सांगू बघत होते, तेव्हा त्यांनाही दाखवलं होतंस, कारण फोन चालू होता. मला तर इतक्यांदा दाखवलंस, की मी गप्प बसायला शिकले, आणि मला गप्प बसवणं म्हणजे काय ते माझ्या ऑफिसातल्या लोकांना विचार. त्या दिवशीही मी एक क्षण गप्प बसलेच, सवयीने. दुसऱ्यांदा ओरडले तोवर गाडी तिथे पोचली होती.

मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले. बाळंतपणाचे, मयताचे, भांडणाचे. त्या फरश्यांइतका बिनमहत्त्वाचा फोन मला आठवत नाही.

तू म्हणशील, ताई, तूच तर जबाब लिहिलास. लिहिला. का ते सांगते. तू माझा एकुलता एक भाऊ, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला त्या ऑफिसशी भांडण जिंकायचं होतं, आणि तू आयता हाताशी आलास. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या थोरल्या सिस्टर कधीही "खोटं बोललीस का?" असं विचारायच्या नाहीत. पट्टी टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "काय गाळलंस?" त्या जबाबात मी एक पुरुषभर उंचीचा माणूस गाळला होता. व्याकरण मात्र निर्दोष.

आणि हेही मला कळतं, की तू फोनवर होतास असं म्हणालास की तो इंजिनिअर सुटकेचा श्वास टाकेल. चूक चालवणाऱ्याची, रस्त्याची नव्हे, असं लिहून कपाटाला कुलूप लावतील. माझे सगळे अर्ज आत. मी कालपासून याच विचारात होते. बासरीसुद्धा ऐकू आली नाही.

पण मग वाटलं, त्या बोटाची गोष्ट सांगितल्याशिवाय रस्त्याची गोष्ट पुरी होतच नाही. तिथे फलक असता, पट्टा असता, तर एका बाईला परक्या माणसाच्या बोटावर जीव टाकून उभं राहावं लागलं नसतं. ऑफिसांनी काही दिलं नाही, म्हणून त्या लोकांनी स्वतःची खूण केली. चांगली खूण होती. तू येईपर्यंत कुणी फसलं नव्हतं. मी अधिकाऱ्यांना दोन्ही सांगणार आहे, आणि त्यातलं एक ऐकून दुसरं सोडून द्यायचा प्रयत्न त्यांनी माझ्यासमोर करून बघावा.

सोबत नवा जबाब आहे. रस्त्याचं सगळं तसंच आहे, एक ओळही कमी केलेली नाही. मधे "मी पुलाजवळ आलो तेव्हा" इथपर्यंत लिहून पुढे जागा सोडलीय. तिथलं माझ्या अक्षरात शोभणार नाही. तुझ्या त्या भयंकर अक्षरातच लिही.

मंगळवारी ये. गाडी आणू नकोस, बसने ये आणि पुलाशी उतर. मी तिथे उभी असेन. तिथून आपण चालत त्या बाईंकडे जाऊ. येताना फळं, फुलं, मिठाई काही आणू नकोस. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारलाय. दार उघडंच असतं. ती खुर्ची मोडकी आहे, तिच्यावर बसू नकोस, पेटीवर बस. आणि त्यांनी सुई बाजूला ठेवली की सांग, की ते बोट त्यांच्यासाठी नव्हतं.

तू बोलत असशील तोवर मी मधे तोंड घालणार नाही, हे तुला लिहून देते. नाही बोललास, तर मी बोलेन. तिथेही आणि बुधवारीही. बोट वर केलंस तरी.

तुझ्या शेजारच्या सीटवरची,
ताई